शंका आली होती, एवढंच तू लिहिलंस

कल्याणी,

तुझी खोली मोकळी करायची म्हणून आज सकाळी वर निघाले आणि जिन्यातच बसले. आपल्या घराचा हा माळ्यावरचा जिना किती उभा आहे ते तुला माहीत आहे. पहिल्याच दिवशी बॅग वर नेताना तू म्हणाली होतीस, "ताई, विमानाचा जिना याच्यापेक्षा सोपा असतो." मंदार खालून दोनदा हाक मारून गेला. चहा निवला. वरती तुझं दार नुसतं लोटलेलं होतं. गेल्या वर्षी त्या दाराबाहेर तू बसायचीस आणि इथे खाली मी, आणि तासन्‌तास बोलायचो. सवयीने मी आजही मान वर करूनच बसले होते.

तू गेल्याला पाच आठवडे झाले. तुझ्या आत्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात, लॅपटॉपसमोर. माझा आवाज बंद ठेवून फोन घेतला. "गेली गं आपली कल्याणी," एवढंच त्या म्हणाल्या. स्क्रीनवर ऑफिसातले दहा-बारा चेहरे होते. त्यांतला एकही मला क्षणभर ओळखू येईना. 'पाच मिनिटांत येते' असं टाइप करून मी बागेत जाऊन उभी राहिले, ती काही परत गेले नाही. भारतातून येणारी प्रवासी विमानं इथल्या डच सरकारने तेव्हा थांबवली होती. निघाले असते तर परत कधी येता आलं असतं कोण जाणे, आणि तुझ्या गावी कऱ्हाडला पोचले असते तरी तुझ्याजवळ कुणी जाऊ दिलं नसतं. हे सगळं खरं आहे. तरी मी आले नाही, हेही खरं आहे.

तुझी पहिली भेट आठवली की मला अजून हसू येतं. आम्स्टलफेनच्या त्या हॉलमध्ये गणपतीचं जेवण होतं. ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपली माणसं विचारतात तसं मंदारने तुला विचारलं, "आयटी?"

"नाही. मी ट्रक चालवते."

मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या पुढच्या मागच्या दोघांनीही वळून पाहिलं. मग तूच दया येऊन सांगितलंस, "आकाशातला हो. मालवाहू विमानावर को-पायलट आहे." आमटी वाढून घेईपर्यंत तुला विमानतळाजवळ खोली हवी आहे हेही कळलं. आमचा माळा रिकामाच होता. खोली बघायला आलीस तेव्हा तू दोनच गोष्टी विचारल्यास: लसणाची फोडणी दिली तर चालेल ना, आणि खिडकीतून आभाळ दिसतं का. विमानतळाला खेटून असलेल्या आपल्या उइटहॉर्नमध्ये दुसऱ्या प्रश्नाची काय गरज! इथे तर विमानं छपरावरून जातात, आणि नव्याने राहायला आलेले लोक खेमेंटेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, आवाजाच्या तक्रारी करतात. तू मात्र खिडकी उघडून मान बाहेर काढलीस आणि म्हणालीस, "घेतली."

तुझे प्रवासी बोलत नाहीत, जेवण मागत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, असं तू आमच्या ईशाला सांगायचीस. ती तेव्हा सात वर्षांची. आज काय नेलंस, हा तिचा ठरलेला प्रश्न, तोही इंग्रजीत. ट्युलिपचे कांदे. शर्यतीचे घोडे, आणि त्यांच्यासोबत त्यांना थोपटणारा एक माणूस. मशीनचे भाग. एकदा तर एका दिवसाची कोंबडीची पिल्लं, खोकीच्या खोकी. "दारं बंद होती, इंजिनांचा आवाज होता, तरी मला आख्खा वेळ चिवचिव ऐकू येतेय असंच वाटत होतं," तू म्हणालीस. ईशा त्या दिवशी झोपेपर्यंत चिवचिवत होती. उन्हाळ्यात तुम्ही दोघी बागेत पाठ टेकून पडायच्यात आणि वर बघत विमानं ओळखायच्यात. "दॅट्स युवर्स!" ती ओरडायची. तू मराठीत सांगायचीस, "माझं नाही बाळा, माझ्या विमानाला खिडक्या नसतात." तुझ्याशी बोलून बोलून तिच्या मराठीत 'खिडक्या' आणि 'पंख' आले, आणि 'व्हय' पण. माझ्या आईला ते फोनवर ऐकून धक्का बसला होता.

मग ते वीसचं वर्ष आलं. मार्चमध्ये एका आठवड्यात आभाळ रिकामं झालं. आम्ही इतकी वर्षं आवाजाला कुरकुरलो, आणि आता सकाळी उठल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. उडत होती ती फक्त तुझी विमानं. मास्क, हातमोजे, औषधं. आम्ही सगळे दाराआड, आणि घरातली तू एकटी जगभर फिरत होतीस. फिरत कसली, तिकडे हॉटेलच्या खोलीबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती, दाराशी डबा ठेवून माणूस पळून जायचा, असं तू सांगायचीस.

इथे येऊन तरी काय वेगळं होतं? मंदार घाबरला होता. त्याला लहानपणापासून दमा. "तिने काही दिवस दुसरीकडे राहावं," असं तो म्हणाला, आणि आमचं त्यावरून मोठं भांडण झालं. तुला ते कळलं होतं, हे मला नंतर समजलं. शेवटी तोडगा ईशाने काढला. तिने टेप घेऊन जिना मोजला. दीड मीटर अंतर हवं, तर इथे भरपूर आहे, असं तिने जाहीर केलं. मग प्रवासाहून आलीस की तू वरच राहायचीस, मी मधल्या पायरीवर डबा ठेवून खाली यायचे, तू दार उघडून तो घ्यायचीस आणि वरच्या पायरीवर बसून जेवायचीस. मी खालून सोबत करायचे. कल्याणी, मंदार माझा नवरा, पण त्या वर्षात त्याच्याशी बोलले नसेन इतकं मी तुझ्याशी बोलले. माझं इथे मंदारच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून येणं, चार वर्षं घरात बसणं, मग सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करून झुइडओस्ट भागातल्या ऑफिसात पहिल्या दिवशी जाताना मेट्रोत रडणं, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तू वर पोळी मोडत ऐकायचीस आणि मधूनच म्हणायचीस, "ताई, भाजीत गूळ कमी घाल की जरा."

ऑक्टोबरात तू एका फेरीहून आलीस आणि डबा उघडलाच नाहीस. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणालीस, "ताई, परवा आम्ही जवळजवळ आदळलो होतो."

मला आधी वाटलं, टॅक्सी.

तू सावकाश, क्रमाने सांगितलंस. सकाळची वेळ होती, सूर्य नुकताच वर आलेला, खाली वाळवंट. विमान कॅप्टन चालवत होता, रेडिओवर बोलायचं काम तुझं होतं. त्याच मार्गावर, पण बरंच पुढे, तुमच्यासारख्याच नंबरचं एक विमान होतं. शेवटचे दोन आकडे फक्त उलटसुलट. कमी उंचीवर यायची परवानगी जमिनीवरच्या कंट्रोलरने त्या विमानाला दिली. तुला ती तुमच्या नंबराची वाटली. "वाटली म्हणजे, शेवटचा आकडा नीट ऐकू नाही आला गं. खरखर होती. मी कॅप्टनकडे बघितलं, त्याने मान हलवली. मग मी उत्तर देऊन टाकलं." त्याच क्षणी त्या दुसऱ्या विमानानेही उत्तर दिलं. दोघं एकदम बोलले की रेडिओवर नुसती शिट्टी वाजते. त्यामुळे चुकीच्या विमानाने परवानगी घेतलीय, हे खाली बसलेल्या माणसाला कळलंच नाही.

तुम्ही उतरायला लागलात. आणि तुमच्या बरोबर खालून आणखी एक मालवाहू विमान आडवं येत होतं.

"विमानच ओरडायला लागतं तेव्हा," तू म्हणालीस. "आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. मग 'क्लाइंब, क्लाइंब'. कॅप्टनने नाक वर ओढलं. मला वाटलं छातीवर कुणीतरी पोतं ठेवलं. आणि मग ते खालून गेलं. ताई, मला त्याच्या पाठीवरची माती दिसली. धुतलेलं नव्हतं ते विमान."

किती जवळून, असं मी विचारलं. "दोन-अडीचशे फूट," तू म्हणालीस, आणि मग आपल्या गल्लीकडे हात करून, "त्या कोपऱ्यावरच्या बेकरीपेक्षा जवळ."

मग विमान पुन्हा सरळ झालं. कॅप्टनने तुला कॉफी ओतून दिली. तो चांगला माणूस होता, मोठ्या भावासारखा तुला सांभाळून घेणारा, हे तू मला आधी कितीदा सांगितलं होतंस. कप तुझ्या हातात देताना तो म्हणाला, "आपल्या दोघांनाही आपलाच नंबर ऐकू आला. बरोबर?" तू कप तसाच बाजूला ठेवलास.

आता रिपोर्ट लिहायचा होता. दोघांनी वेगवेगळा. टेपवर खरखरच होती, त्यातून काहीच सिद्ध होणार नव्हतं. आमचाच नंबर ऐकू आला, एवढं लिहिलं असतंस तर गोष्ट खराब रेडिओवर संपली असती. पण तुला शंका आली होती आणि तरी तू पुन्हा विचारलं नव्हतंस. तेच तुला लिहायचं होतं.

मी म्हटलं, लिहू नकोस.

पहिल्यांदा मी प्रेमानेच म्हटलं, कल्याणी. तुझा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला होता. सगळीकडे पायलटांना घरी बसवत होते. आणि कुणाला काही झालं नव्हतं. "जगातली सगळी विमानं जमिनीवर आहेत. तुझं उडतंय तर तू स्वतःच कशाला खाली आणतेस?" असं मी विचारलं.

"ताई, तू दिवसभर काय करतेस गं ऑफिसात? लोकांच्या चुका शोधून लिहूनच काढतेस ना?"

"त्या प्रोग्रॅममधल्या चुका असतात. माणसांच्या नाही."

"प्रोग्रॅम कोण लिहितं?"

मला राग आला. तू शांत होतीस म्हणून जास्तच आला. मी म्हटलं, बाबांना काय सांगशील? त्यांनी आयुष्यभर एसटीची लाल गाडी चालवली, एकही अपघात केला नाही म्हणून त्यांना बिल्ला मिळाला, तो तू पाकिटात घेऊन फिरतेस. तू म्हणालीस, "बाबांना सांगितलंय मी." "मग काय म्हणाले?" त्यावर तू नुसती हसलीस. मला वाटलं, कळलं. तेच तुझ्या मागे उभे आहेत, मग माझं कोण ऐकणार.

आणि मग मी ते वाक्य बोलले. "तुझ्यामागे आहे कोण? नवरा नाही, पोर नाही. तुला परवडतं खरं बोलायला."

तू डब्याचं झाकण उघडलंस, एक पोळी काढलीस, चतकोर खाल्लीस. "पोळ्या मऊ झाल्यात, ताई," म्हणालीस. आणि आत जाऊन दार लावून घेतलंस. हळूच, आवाज न करता. आपटलं असतंस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन पुसून पायरीवर ठेवलेला होता, आणि रिपोर्ट गेलेला होता.

तुला उड्डाणावरून काढलं. चौकशी होईपर्यंत, असं पत्र आलं. कॅप्टनने फोन उचलणं बंद केलं. त्याचं तुला जास्त लागलं होतं, पत्राचं नाही. मी मनात म्हणत होते, बघ, सांगितलं होतं ना.

पण त्या हिवाळ्याबद्दल मी तुझे आभार कसे मानू? तू कुठे जात नव्हतीस, म्हणून जिन्याचा नियम उरला नाही. तू खाली आलीस. शाळा बंद झाली तेव्हा ईशाचा अर्धा अभ्यास तूच घेतलास. तिला अपूर्णांक तू विमानाच्या टाकीतल्या इंधनावर शिकवलेस, आणि आजही ती एक तृतीयांश म्हटलं की "नॉट इनफ टू गेट होम" म्हणते. रविवारी तू भडंग करायचीस. इथल्या मुरमुऱ्यांना तू नावं ठेवायचीस, लसूण मात्र मूठभर घालायचीस, आणि मंदार, दमेकरी, घाबरट मंदार, कढईशेजारीच उभा राहून गरम गरम बकाणे भरायचा. एकदा त्याने न विचारताच तुला म्हटलं, "कल्याणी, मार्चमध्ये मी जे बोललो ना, ते सोडून दे." तू त्याच्या हातावर आणखी मूठभर भडंग ठेवलंस. इतकं सोपं होतं ते. मी तिथेच उभी होते, आणि मला ते जमलं नाही.

फेब्रुवारीत कालवा गोठला. सगळं गाव बर्फावर उतरलं. शेजारच्या आजोबांनी आपल्याला सांगितलं, स्वयंपाकघरातली खुर्ची आणा, तिला धरून शिका, आमची मुलं तशीच शिकतात. आपण दोघी, एकीकडे चाळिशी उलटलेली मी आणि दुसरीकडे इतकी मोठी विमानं उतरवणारी तू, एक लाकडी खुर्ची ढकलत कालव्यावरून चाललो होतो. तू घाबरली होतीस. खरंच घाबरली होतीस, माझा दंड घट्ट धरला होतास. मला वाटलं, आत्ता बोलावं. मी सुरुवातही केली, "त्या दिवशी मी तुला..." आणि खुर्ची पुढे गेली, आपण दोघी मागे बसलो, आणि ईशा इतकी हसली की तिला उचकी लागली. नंतर पुन्हा तो विषय काढायला मला धीर झाला नाही. तू आनंदात होतीस. म्हणजे विसरली असशील, अशी मी माझी समजूत घातली.

मार्चअखेर तुला पुन्हा उडायला परवानगी मिळाली. "कॅप्टन बोलायला लागला," एवढंच तू सांगितलंस. एक फेरी झाली. आणि मग कऱ्हाडहून फोन आला, बाबांना ताप, दम लागतोय. मी तुला विमानतळावर सोडायला आले. गाडीत वीस मिनिटं आपण दोघीच होतो. मी मास्क किती घेतलेस ते विचारलं, वाफ घे म्हटलं, हळदीचं दूध घे म्हटलं. तू उतरताना म्हणालीस, "काळजी घे गं," आणि मी म्हटलं, "तूच घे." बाबा हॉस्पिटलमध्ये सुधारायला लागले आणि तू त्यांच्या शेजारच्या वॉर्डात दाखल झालीस. शेवटचा तुझा मेसेज आला होता की तुझ्या कंपनीचं विमान ऑक्सिजनची यंत्रं घेऊन मुंबईला उतरतंय, आणि तू सोडून सगळे कामावर आहेत.

गेल्या आठवड्यात कॅप्टन आला होता. सायकलवर. उंच, पिकल्या केसांचा माणूस, बेल वाजवून फुटपाथवर मागे सरकून उभा राहिला. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. "तिने काय लिहिलं ते मला पाठवलं तेव्हा मी वाचायलाच तयार नव्हतो," तो सांगत होता. "मला वाटलं, माझ्यावर ढकललं असेल. दोन महिन्यांनी वाचलं. माझ्याबद्दल एकही वाईट शब्द नव्हता. मी मान हलवली होती, हेसुद्धा तिने लिहिलं नव्हतं. मला शंका आली होती, मी विचारलं नाही, एवढंच." त्याने सायकलचं हँडल दुसऱ्या हातात घेतलं. "मग मी माझा रिपोर्ट परत मागवला आणि नवा लिहिला. शंका मलाही आली होती." आता तसे मिळतेजुळते नंबर त्या मार्गावर एकाच वेळी ठेवत नाहीत, असं त्याने सांगितलं. हेल्मेट घालताना त्याने वर, तुझ्या खिडकीकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं नव्हतं तुझी खोली कुठली ते. तूच कधीतरी सांगितलं असशील.

आज दुपारी, मी अजून जिन्यातच होते, तेव्हा तुझ्या बाबांचा फोन आला. ते घरी आलेत. आवाज पार खोल गेलाय, दोन शब्दांमागे थांबतात. कपडे कुणाला तरी देऊन टाका म्हणाले, युनिफॉर्म तेवढा पाठवा. मग म्हणाले, "ताई, एक विचारू का? पोरीच्या मागं तिथं कुणी होतं का हो?"

माझेच शब्द होते ते, कल्याणी. त्यांना काय माहीत.

मी म्हटलं, "होतो. आम्ही होतो." आणि मग मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, नवरा नाही, पोर नाही, सगळं. कधी माफी मागितली नाही, हेही सांगितलं.  मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"मी बी तेच सांगितलं होतं तिला," ते म्हणाले.

"काय?"

"लिहू नगंस म्हणून. तीन दिवस रोज फोन करत होती, आन्‌ मी रोज तेच सांगत होतो. गप बस, नोकरी जाईल. बिल्लेवाला ड्रायव्हर मी, आन्‌ लेकीला हे सांगितलं." त्यांना पुन्हा दम लागला.  म्हणजे तू त्या रिपोर्टसमोर बसलीस तेव्हा तुझ्यामागे खरंच कुणी नव्हतं. मीही नव्हते, आणि तेही नव्हते.

"दोघांचं बी ऐकलं न्हाई बघा पोरीनं," तुझे बाबा म्हणाले, आणि हसले. खोकला आला तरी हसत राहिले. या पाच आठवड्यांत तुझ्याबद्दल बोलताना कुणी पहिल्यांदाच हसत होतं.